पाठ झालेला चेहरा

बाईंनी मधे पुठ्ठा धरला तेव्हा तिला आधी वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून असेल. त्या वर्गाला पडदे नव्हते. पडद्याला लोंबकळून लोंबकळून एका मुलाने दांडीच खाली आणली होती, तेव्हापासून खिडक्या उघड्याबोडक्या होत्या. पण पुठ्ठा खिडकीच्या बाजूला नव्हताच. तो बरोबर तिच्या आणि भिंगरीच्या मधे होता, दाराच्या फळीसारखा उभा. टेबलावर कार्डं मांडलेली होती: चेंडू, कप, बूट, छत्री. "कप दाखव," असं ती नुकतंच म्हणाली होती, घरी म्हणायची तशाच मोकळ्या, आनंदी आवाजात. पुठ्ठ्याच्या खालून तिला आता फक्त लेकीचा हात दिसत होता. हात चेंडूवर गेला, तिथून बुटावर, बुटावरून छत्रीवर, आणि कपावरून नुसताच निघून गेला, जणू तिथे काही ठेवलेलंच नव्हतं. मग तो थांबला. मग पुठ्ठ्याच्या कडेने एक डोळा आला. तो डोळा कार्डांकडे बघत नव्हता. "परत सांगा," बाई म्हणाल्या. "कप दाखव, भिंगरी." डोळा डावीकडून आला तसा पुठ्ठा डावीकडे सरकला, उजवीकडून आला तसा उजवीकडे. शेवटी हात छत्रीवर पडला. ठेवला नाही, पडला. बाईंनी पुठ्ठा काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता विचारा." तिने विचारलं. हात सरळ कपावर गेला. बरोबर उत्तराला बाई एरवी 'वा' म्हणायच्या. आज म्हणाल्या नाहीत. पुठ्ठा कपाटाला टेकवून ठेवत, तिच्याकडे न बघता, त्या हळूच बोलल्या, "रंगांचंही असंच आहे. आकड्यांचंही. मला बरेच दिवस शंका येत होती. तिला कप येत नाही हो. तुम्ही पाठ आहात तिला."

ती हसली. काहीच्या काही बोलणं ऐकलं की माणूस हसतो तसं. मी तर काहीच केलं नाही, मी नुसती बसले होते, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जाणवलं की बाईंनी तिच्यावर काही केल्याचा आरोप केलेलाच नाही. कोपऱ्यात एक मुलगा कानांवर हात ठेवून एकाच सुरात गुणगुणत होता. सांभाळणाऱ्या मावशी दुसऱ्याच्या तोंडावरची लाळ पुसत म्हणाल्या, "अहो, लेकरू आईकडे बघणार नाही तर काय भिंतीकडे बघेल?" त्यांचं ते समजूत घालणं तिच्या जिव्हारी लागलं. भिंगरी उठून खोलीच्या मधोमध गेली आणि हात पसरून गिरक्या घेऊ लागली. भिंगरी हे नाव बापाने ठेवलं होतं, ती चालायला लागल्या लागल्या. केवढं कौतुक वाटायचं तेव्हा! पाहुण्यांसमोर फिरायला लावायचे. टाळ्या वाजवायचे. गिरक्या घेणं हे कशाचं तरी लक्षण असू शकतं हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पुढे कळलं तेव्हा नाव बदलायचं म्हणून ठरलंही होतं, पण लेक त्या एकाच हाकेला मान वळवायची. की हाकेलाही नाही? ती हाक मारताना तिच्या तोंडावर जे काही होत असेल, त्याला?

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बँकेतली बसली होती. तिचा मुलगा याच वर्गात होता आणि ती रोज बँकेतून जेवणाच्या सुट्टीत धावत यायची. "काय गं, तोंड का असं? बाई ओरडल्या?" ती म्हणाली. "नाही, काही नाही." "मग तुझं बरंच आहे की. तुझी तुझ्याकडे बघते तरी. आमचे राजे फक्त माझ्या पर्सकडे बघतात. उद्या पर्स एकटी पाठवली ना, तरी तिचं बोट धरून घरी जातील." आणि स्वतःच मोठ्याने हसली. ती हसताना तिच्याकडे बघवत नसे. रोज हा विनोद थोडा बदलून यायचा, कधी पर्स, कधी डबा, कधी चपला, आणि रोज ऐकणाऱ्याने हसायचं असा व्हरांड्यातला अलिखित नियम होता. आज तिला हसता आलं नाही. तिला वाटलं, आत्ता आपल्या चेहऱ्यावर काय आहे? हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला असं नव्हे. लग्नाआधी ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये खिडकीवर बसायची, लोकांना त्यांचे रिपोर्ट द्यायला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रिपोर्टमध्ये काहीही असो, आपलं तोंड कोरं. लोक पाकीट नंतर उघडतात, आधी तुमचं तोंड वाचतात. ती त्यात तरबेज झाली होती. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा मनात मोजत ती पाकीट सरकवायची आणि भलीभली माणसं तिच्या तोंडाकडे बघून काही हाती न लागता परत जायची. म्हणजे अनोळखी माणसांपासून लपवणं तिला जमत होतं. मग ज्या एका जिवापासून लपवायचं होतं तिथेच सगळं उघडं पडत होतं, इतकं की त्यावर त्या जिवाने आपली अख्खी शाळा उभारली.

घरी आल्यावर तिने मोबाइल भांड्याला टेकवून स्वतःकडे तोंड करून उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कार्डं मांडली. नंतर आवाज बंद करून स्वतःलाच बघत बसली. आधी काहीच दिसेना. मग दिसलं. भिंगरीचा हात बरोबर कार्डावर आला की हनुवटी किंचित खाली यायची आणि श्वास थांबायचा. एवढंच. तीळभर. पण एकदा दिसल्यावर ते मोबाइलभर मोठं झालं. रंग, आकडे, प्राणी, भाज्या, घरातली माणसं. रोज सकाळ-संध्याकाळ बसून घोटून घेतलेलं, सासूबाईंना फोनवर सांगितलेलं, 'आज तिने वांगं ओळखलं', 'आज तिने पाच दाखवले'. ते पाच कुणी दाखवले होते? आपणच विचारत होतो आणि आपणच उत्तर देत होतो, आणि मधल्या मधे लेक नुसती एका हनुवटीच्या मागे हिंडत होती. तिला स्वतःचा राग यायला हवा होता, पण आली ती वेगळीच भीती. हनुवटी एवढीशी हलली तर हिला कळतं. मग बाकीचं? बाकीचं सगळंही कळलं असेल? नणंदेचा मुलगा भिंगरीपेक्षा लहान. तो आला होता त्या दिवशी जिना चढताना मोठ्याने पायऱ्या मोजत आला होता, मधेच चुकला, परत खाली जाऊन पहिल्यापासून मोजू लागला. ती वर कठड्याशी उभी होती. तिने त्याच्याकडे कसं बघितलं ते तिला तेव्हाही ठाऊक होतं; भुकेलेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसं. मग मान वळवली तर भिंगरी दारात उभी, तिच्याकडे एकटक बघत. पाहुणे गेल्यानंतर भिंगरी जिन्यात जाऊन बरोबर त्याच पायरीवर उभी राहिली, जिथून तो मुलगा परत फिरला होता, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत राहिली. तेव्हा वाटलं होतं, हिला जिन्याचं खूळ लागलं. हाताला धरून ओढत आत आणलं होतं. आता तिला कळलं, ती कशाची वाट बघत होती. ते बघणं आपल्यावर पडेल याची.

महिनाअखेरीला वरच्या शाळेची चाचणी होती. म्हणजे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नेहमीची शाळा भरायची, आणि तळमजल्यावरच्या वर्गातलं एखादं मूल चाचणीत उतरलं तर त्याला वर पहिलीत घेत. घरात 'वर' हा शब्दच निराळ्या स्वरात उच्चारला जायचा. भिंगरीला यंदाच काय ती संधी होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, मग तळमजला कायमचा. चाचणीला आईला आत बसू देत, लहान मुलं बावरतात म्हणून. पुठ्ठा नसतो. बाईंनी हेही तिला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि वर म्हणाल्या होत्या, "मी चाचणीच्या सरांना काही सांगायला जाणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही ठरवा. पण वरच्या वर्गात चाळीस मुलं असतात, आणि तुमची खुर्ची नसते." नवऱ्याला तिने संध्याकाळी तो शर्टाला इस्त्री करत असताना सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कॉलर उलटी केली, सुलटी केली. "म्हणजे तू आत बसलीस की तिला जमतं," तो म्हणाला. "जमत नाही. माझं बघून करते." "तेच ते. मग बस ना. तुला कुणी खाणाखुणा कर म्हटलंय का? नुसती बस." "मी नुसती बसले की तीच खूण होते. सांगतेय काय मी!" "अगं, एकदा वर तर जाऊ दे. वर गेली की शिकेल इतर मुलांचं बघून. खाली कुणाचं बघून शिकणार आहे? त्या कानांवर हात ठेवणाऱ्याचं?" त्याने इस्त्री उभी केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्याकडे ती कधी बघतच नाही. मी समोर नाचलो तरी. तुझ्याकडे बघते, तर त्याचा काही उपयोग तरी होऊ दे." शर्टाच्या बाहीवर सुरकुती तशीच राहिली होती, त्याने ती बोटाने दाबून दाबून पाहिली. त्याला भांडण हवं नव्हतं. त्याला लेक वर हवी होती. तिलाही तेच हवं होतं, त्याच्याहून जास्त, आणि ते हवं असणंच हनुवटीत उतरत होतं.

तिने चेहरा घालवायचा प्रयत्न केला. सर्दीचं निमित्त करून मास्क लावला. भिंगरीला डोळे पुरले. मग मास्कवर काळा चष्मा चढवला. नवरा म्हणाला, "हे काय, घरात वेल्डिंगचं काम काढलंय का?" आणि तीही हसली, पण ते हसू मास्कच्या आत राहिलं, आणि लेक टेबलापलीकडून त्या काळ्या काचांकडे बघत बसली. कार्डाला हात लावेना. जेवणाला तोंड उघडेना. दुपारपर्यंत तिने भिंतीशी अंग घासत घासत कोपरा गाठला आणि तिथे उकिडवी बसून राहिली, एखाद्या परक्याच्या घरात कुणी विसरून गेल्यासारखी. चष्मा काढल्यावर मात्र लगेच आली, आणि आईच्या गालावर तळवा ठेवून बराच वेळ तसाच ठेवला. हे प्रेम होतं का? आतापर्यंत तिने त्याला प्रेमच म्हटलं असतं, फोन करून कुणाला तरी सांगितलं असतं. आता तिला वाटलं, दिवे गेल्यावर माणूस भिंतीवरचं बटण चाचपतो, तसं तर हे नसेल? आणि मग या विचाराचीच तिला इतकी लाज वाटली की तिने लेकीचा हात दूर केला, आणि दूर करताना तोंडावर जे आलं तेही लेकीने बघितलं. यातून बाहेर पडायला जागाच नव्हती. एकटेपणी आरशासमोर उभी राहून ती लॅबमधलं तोंड करून बघायची. आरशात ते अजूनही नीट जमत होतं. गुळगुळीत, सभ्य, बंद. वाटायचं, जमेल. लेक टेबलाशी असेल, सर विचारत असतील, आपण तारखा मोजत बसू. मग जे व्हायचं ते तिचं तिचं होईल. पण त्याच वेळी दुसरं कुणीतरी आतून म्हणायचं, बसलीसच आहेस तर कशाला कोरं ठेवतेस? एकदाच. एकदा वर जाऊ दे.

चाचणीच्या दिवशी तिने लेकीच्या वेण्या घट्ट घातल्या, मग सैल केल्या. नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकली. तो जिन्याच्या तोंडाशी हेल्मेट घेऊन उभा राहिला आणि "जा, जा, तुम्ही जा" म्हणाला, स्टेशनवर सोडायला आल्यासारखा. वरच्या मजल्यावरच्या भिंती स्वच्छ होत्या, खालच्यासारख्या डोक्याच्या उंचीपर्यंत गाद्या लावलेल्या नव्हत्या. एका बंद दारामागे वर्ग एका आवाजात काहीतरी म्हणत होता. भिंगरीने त्या आवाजाकडे लक्षही दिलं नाही. चाचणी घेणारे सर चांगले होते. नाक गळत होतं त्यांचं, रुमाल सारखा हातात. "बसा, आई, बसा, इथेच बसा, तिला दिसाल अशा," ते म्हणाले आणि स्वतः उठून खुर्ची सरकवली. कार्डं नवीन होती, करकरीत. पान, कुलूप, मासा, घर. तिने पंख्याकडे नजर लावली. पंख्याला तीन पाती, फिरताना एकच. "बाळ, पान दाखव बघू," सर म्हणाले. तिने पंख्याकडेच बघायचं ठरवलं होतं, पण टेबलाकडून आलेली लेकीची नजर तिला चेहऱ्यावर जाणवली, ऊन जाणवतं तशी. हात कुलपावर आला. हात माशावर आला. कोरं, कोरं, कोरं, ती मनात म्हणत होती, आणि हात पानावर आला तेव्हा तिचा श्वास अडकला. तिने अडकवला नव्हता. "वा!" सर म्हणाले. "हुशार आहे की!" आणि तो 'वा' ऐकताच तिच्या छातीतून काहीतरी असं उसळलं, इतकं निखळ, इतकं गोड, की क्षणभर तिला खरंच वाटलं, लेकीला पान आलं. भिंगरी हसली. आईचंच हसू तिला पोचतं केल्यासारखी हसली.

सरांनी पुढची कार्डं काढली. ती मांडली जात असताना तिला तो वर्ग दिसला, जून महिन्यातला, चाळीस डोकी फळ्याकडे केलेली आणि त्यांच्या मधे एकच डोकं इकडेतिकडे फिरणारं. ते डोकं पुढच्या बाईंकडे बघतंय, शेजारच्या मुलीकडे, खिडकीतून जाणाऱ्या शिपायाकडे, एकेका तोंडावर थांबून पुढे सरकतंय, आणि कुठल्याच तोंडावर त्याच्यासाठी काही लिहिलेलं नाही. सगळीच तोंडं कोरी. ज्या कोपऱ्यात लेक चष्म्याच्या दिवशी बसली होती, तसा कोपराही तिथे नाही. "मी बाहेर बसते," ती म्हणाली. सर दचकले. "अहो, कशाला? छान चाललंय की. तुम्ही गेलात तर बावरेल ती." "बावरू दे," असं तिला म्हणायचं होतं, ती एवढंच म्हणाली, "बाहेरच बरी." ती उठली तशी भिंगरीची मान वर झाली. दारापर्यंतचं अंतर तिने पाठमोरी कापलं. पाठीवरूनही हिला वाचता येत असेल का, असं वाटून तिने खांदे सरळ ठेवले. मग दार लावून घेतलं.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. आतून रडं येईल म्हणून ती कान देऊन उभी राहिली. रडं आलं नाही. सरांचा आवाज येत होता, मग नुसतंच काही नाही, मग पुन्हा सरांचा आवाज, आधीपेक्षा हळू. लेक जन्मल्यापासून ती काय करते आहे हे आपल्याला माहीत नाही, असा वेळ तिच्या वाट्याला आला नव्हता. झोपेतसुद्धा नाही. हातांचं काय करावं ते तिला समजेना. नवरा जिना चढून आला. तिला बाहेर बघून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "का?" एवढंच विचारलं. तो वरच्या पायरीवर बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन. "झालं मग," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला सोसला असता. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "पहिलं तरी बरोबर आलं होतं का?" तिने होकारार्थी मान हलवली. "आलं होतं ना?" तो म्हणाला आणि त्या एका उत्तराकडे, कुणाच्या का असेना, मनातल्या मनात बघत बसला.

दार उघडलं. सर रुमालाने नाक पुसत बाहेर आले. "गंमतच आहे," ते म्हणाले. "सुरुवात अशी छान केली हो तिने. मग एकदम जणू कुणी दिवाच मालवला. मी परत परत विचारलं. नुसती दाराकडे बघत होती." त्यांनी रुमालाची घडी घातली. "यंदा खालीच राहू दे. खालच्या बाई चांगल्या आहेत." "आणि पुढच्या वर्षी?" नवऱ्याने बसल्या जागेवरून विचारलं, उत्तर ठाऊक असताना. "पुढच्या वर्षी वयाचा प्रश्न येतो. तुम्हाला कल्पना आहेच," सर म्हणाले, आणि आणखी काही चांगलं बोलण्यासारखं आठवतंय का ते बघून, न आठवल्यामुळे, आत गेले.

भिंगरी त्यांच्या मागून आली. एक वेणी सुटली होती. ती रडलेली नव्हती. आत जे झालं ते काय होतं, चांगलं की वाईट, ते तिला माहीत नव्हतं. ते बघायला ती आली होती. आईसमोर येऊन उभी राहिली आणि मान वर केली. लॅबमधलं तोंड तयार होतं. इतक्या वेळा आरशात केलेलं. या एका क्षणासाठी तरी ते यायला हवं होतं, आणि ते आलं नाही. तिने ते आणायचं सोडून दिलं. ती खाली बसली, लेकीच्या उंचीला आली, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते तसंच राहू दिलं. भिंगरीने ते सावकाश वाचलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कार्डांना तिने असा वेळ कधी दिला नव्हता. मग तिच्या भुवया जवळ आल्या. खालचा ओठ आत गेला, एका बाजूने जरा जास्त. डोळे मोठे झाले आणि मोठेच राहिले, कुठूनतरी काहीतरी येऊन आदळणार असल्यासारखे. आरशात ती स्वतःचं हे तोंड कधी बघू शकली नव्हती, कारण आरशापुढे उभी राहिली की ते निघून जायचं. हे असं दिसतं तर. एवढ्याशा गालांत ते मावत नव्हतं. "अगं, घाबरलीय ती," नवरा मागून म्हणाला. "उचल तिला." तिने उचललं नाही. घाबरलेली कोण आहे ते तिला दिसत होतं, आणि इतकी वर्षं लेकीने जे रोज बघितलं ते तिला एकदा नीट बघून घ्यायचं होतं.